एका खुळखुळाटाची कैफियत

मोटार जुनी होऊ लागली की यंत्र बिघडण्याच्या कितीतरी आधी तिला वाचा फुटते. प्रथम डाव्या दाराच्या पोटात कोठेतरी एक बारीक खुळखुळाट सुरू होतो, मग थंडीच्या दिवसांत डॅशबोर्डचे प्लॅस्टिक करकरू लागते, त्यानंतर डिकीतला जॅक आपल्या जागेवरून सुटून प्रत्येक गतिरोधकाला स्वतंत्र अभिवादन करू लागतो, आणि अखेरीस पुण्याच्या रस्त्यांच्या उदार साहाय्याने अशी अवस्था येते की गाडीतल्या माणसांना एकमेकांशी काही बोलायचे असल्यास त्यांनी सिग्नलला गाडी थांबेपर्यंत धीर धरावा. त्यातून हे आवाज असे बिलंदर की कारागीर शेजारी येऊन बसताक्षणीच ते फरारी होतात, आणि तो ‘कुठे काय साहेब?’ म्हणून उतरून गेला की गॅरेजच्या फाटकाबाहेर पुन्हा हजेरी लावतात.

आमच्या गाडीतल्या आवाजांचे रीतसर दप्तर तयार करण्याचे श्रेय माझ्या सासऱ्यांचे आहे. अण्णांची सारी हयात मामलेदार कचेरीत गेली, अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, आणि ज्या गोष्टीचा कागद झालेला नाही ती गोष्ट घडलेलीच नाही ही त्यांची निष्ठा निवृत्तीनंतर अधिकच प्रखर झालेली आहे. मागच्या आसनावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून, त्यांनी एकेका आवाजाची नोंद घातली : ‘मौजे डावे पुढील दार. आवाज खुळखुळ. ताशी ३० ते ४०च्या दरम्यान. रस्ता खडीचा. ४०नंतर तहकूब.’ कारागिराने ती वही वाचून कपाळाला लावली आणि परत केली. परंतु ‘४०नंतर तहकूब’ या शेऱ्यात ध्वनिशास्त्राचे एक मोठे तत्त्व सामावलेले आहे, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आले नाही. पत्र्याच्या प्रत्येक तुकड्याची स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. इंजिनाची किंवा रस्त्याची थरथर नेमकी तिच्याशी जुळली की तो पत्रा अंगात आल्यागत घुमू लागतो, आणि वेग वाढून ती जुळणी मोडली की निमूट होतो.

पुण्यात मोटारीचा कोणताही प्रश्न शेवटी नाना पेठेत जाऊन ठेपतो, तसा हाही ठेपला. तेथील दुकानदाराने आमच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केली, तो ‘टण्ण’ असा आवाज आला, मग त्याने पट्टी चिकटवलेला नमुन्याचा पत्रा पुढे करून त्यावर टकटक केली, तो ‘थप्प’ असा आवाज आला, आणि एवढ्यावर खटला संपला अशा मुद्रेने तो म्हणाला, “साहेब, चारी दरवाजे, डिकी, फ्लोअर, छत, फुल डॅम्पिंग करून घ्या. दार लावलं की जर्मन गाडीसारखा आवाज येईल.”

“म्हणजे आवाज येणारच,” अण्णा म्हणाले. “मग आम्ही इथवर आलो कशाला?”

या डॅम्पिंग शीटची रचना मात्र खरोखर चातुर्याची आहे. साधारण दोन मिलिमीटर जाडीचे, काळे, चिवट असे ब्यूटाइल रबर, आणि त्याच्या एका अंगाला ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख. चिकट बाजू पत्र्याला लावून छोट्या रोलरने दाबत जायचे. पत्रा थरथरू लागला की वर्ख त्याच्याबरोबर वाकायला राजी नसतो, त्या ओढाताणीत मधले रबर पिळवटते आणि कंपनाची शक्ती त्यातच उष्णतेच्या रूपाने जिरून जाते. रस्त्यातल्या खड्ड्याचे रूपांतर उबेत व्हावे, ही कल्पना मला फार उदात्त वाटली. याहून स्वस्त असा डांबरी प्रकारही बाजारात मिळतो. परंतु वैशाखातल्या उन्हात गाडी उभी राहिली की हलक्या प्रतीचे डांबर मऊ होऊन असा दर्प सुटतो की आपली नेमणूक सार्वजनिक बांधकाम खात्यात झाली असावी असे वाटते. आणखी एक गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाहीत : पत्र्याचा घुमारा मोडण्यासाठी त्याचा प्रत्येक इंच झाकण्याचे काहीच प्रयोजन नसते. मधल्या सपाट भागावर सुमारे एक चतुर्थांश क्षेत्र झाकले तरी ‘टण्ण’चे ‘थप्प’ होते. त्यापुढे मुख्यतः गाडीचे वजन आणि दुकानाचे बिल वाढते.

काम होण्यापूर्वी अण्णांनी मोबाइलवर आवाजाचे मोजमाप घेण्याचा हुकूम सोडला. ध्वनिप्रदूषणाचे इ. स. २०००चे नियम त्यांना तोंडपाठ आहेत : दिवसा औद्योगिक क्षेत्रात ७५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५, निवासी क्षेत्रात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५०. ताशी ८०च्या वेगाला आमच्या गाडीत ७४च्या आसपास आकडा दिसला. अण्णांनी तत्काळ निर्णय दिला की ही गाडी औद्योगिक क्षेत्रात मोडते, आणि रात्रीची मर्यादा तेथेही ७० असल्यामुळे दहानंतर तिच्यातून प्रवास करणे बेकायदेशीर आहे. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा मोजले, तेव्हा आकडा ७१ आला.

आता डेसिबलाचा हिशेब हा सावकारी व्याजाहून अगम्य आहे. तीन डेसिबल उतरले म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी झाली. परंतु मनुष्याच्या कानाला आवाज निम्मा वाटायचा तर सुमारे दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने गाडीतला अर्धा गोंगाट नाहीसा झाला, आणि घरातल्या एकाही माणसाला तो गेल्याचे समजले नाही. “वसुली पन्नास टक्के,” अण्णा वहीत लिहिता लिहिता म्हणाले, “पण जमेला काहीच दिसत नाही, जावईबापू.” उरलेल्या गोंगाटात टायरांचा आणि वाऱ्याचा भाग मोठा असतो, मुंबईच्या द्रुतगती मार्गावरच्या काँक्रीटवर तर टायर अक्षरशः गर्जतात, आणि त्याला ही पातळ पट्टी काय करणार? तेथे वजनदार आडपडदा लागतो आणि दारांची रबरे धड असावी लागतात.

तथापि दार लावताना होणारा तो ‘थप्प’ आवाज आमच्या सौ.ना इतका पसंत पडला की आल्यागेल्याला चहाआधी एकदा दार लावून पाहावे लागते.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. मोठे आवाज हद्दपार होताच, त्यांच्या आश्रयाने इतके दिवस गुपचूप नांदत असलेले लहानसहान आवाज एकेक करून उजेडात आले. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातकाराने रोल्स-रॉइसची अशी ख्याती केली होती की ताशी साठ मैलांच्या वेगाला त्या गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो. जगाने ती शांततेची साक्ष म्हणून वाचली. मला मात्र आता त्या घड्याळाशेजारी बसलेल्या मालकाची दया येते. आमच्याही गाडीत समोरून कोठूनतरी एक टिकटिक येऊ लागली. अण्णांनी मागचे आसन सोडून पुढचे घेतले, हातमोज्यांचा कप्पा रिकामा करविला, नाणी आणि टोलच्या पावत्या जप्त केल्या, डॅशबोर्डच्या फटीत फेल्टची पट्टी बसवून करकर मिटविली (आणि ही चार पैशांची पट्टी त्या महागड्या शीटहून अधिक उपयोगी पडली, हे मी येथे साक्षीने नमूद करतो), तरी टिकटिक कायम. शेवटी गुन्हेगार सापडला, पण त्याला हात लावायला कोणी धजेना. कारण डॅशबोर्डवरचा पितळी गणपती बुडाशी चिकटपट्टी सुकल्यामुळे तालावर डोलत होता. विघ्नहर्त्याखाली उरलेल्या शीटचा एक चौकोनी तुकडा यथाविधी चिकटविण्यात आला, आणि वहीत अखेरचा शेरा पडला : ‘अर्ज निकाली. देवस्थानाची वहिवाट कायम.’

हे काम करवून घेऊ इच्छिणाऱ्यांना एवढेच सांगावयाचे आहे. दाराचे आतले प्लॅस्टिक उघडताना जुन्या क्लिपा हटकून तुटतात. त्या नव्या घालून घ्याव्यात, नाहीतर एका खुळखुळाटाच्या जागी दुसरा रुजू होतो. आणि दारांच्या तळाशी काचेवरून झिरपलेले पाणी वाहून जाण्यासाठी जी भोके असतात, ती काहीही झाले तरी बुजवू देऊ नयेत. आमच्या शेजाऱ्यांच्या कारागिराने अति उत्साहाने ती बुजवली. आता पावसाळ्यात त्यांच्या गाडीत खडखडाट अजिबात नाही, फक्त वळणावर दारातून पाण्याचा खळखळाट येतो आणि खालचा पत्रा गंजू लागला आहे.