शून्य सेकंद झोपा

‘एआयओएचटीटीपी’ ही पायथॉनची नावाजलेली असिंक लायब्ररी. तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये वर्षानुवर्षं एक सल्ला होता: सेशन बंद केलंत तरी खालचं कनेक्शन लगेच बंद होत नाही, तेव्हा बाहेर पडण्याआधी प्रोग्रॅमला जरा झोपू द्या. साधं कनेक्शन असेल तर शून्य सेकंद, एसएसएल असेल तर ०.२५०. आणि वर मखलाशी अशी, की नेमकं किती झोपायचं ते ज्याच्या त्याच्या प्रोग्रॅमवर! शून्य सेकंदांची झोप भल्याभल्या योग्यांना साधली नसेल. इथे मात्र तेवढ्यात इव्हेंट लूपची एक फेरी होते आणि काम भागतं.

हसू नका. या मंडळींनी निदान लिहून तरी ठेवलं. इतरांकडे ‘क्लोज()’समोर एक ओळ: कनेक्शन बंद करते. ते नावावरूनच कळलं होतं, महाराज! बफरमध्ये उरलेला डेटा जातो की बुडतो? दुसऱ्यांदा बोलावलं तर एरर येते का? बंद होता होताच टास्क कॅन्सल झाला, तर सॉकेट कुणाच्या गळ्यात? सगळं रामभरोसे.

खुद्द पायथॉनचा ‘असिंकआयओ’ही काही धुतल्या तांदळासारखा नाही. सर्व्हर ‘क्लोज()’ करून ‘वेट_क्लोज्ड()’ म्हटलं, की जोडण्या उघड्या असल्या तरी ते तडक परत यायचं. २०२३ साली ३.१२ आवृत्तीत ते खरोखर थांबू लागलं आणि ज्यांचे प्रोग्रॅम त्या न थांबण्याच्या जिवावर सुखाने संपत होते, ते लटकले.

नीट लिहिता येतच नाही असंही नाही. पायथॉनच्याच ‘ट्रायो’ लायब्ररीचं ‘एक्लोज()’ बघा: आधीच बंद असेल तर गुपचूप परत या, मध्येच कॅन्सल झालं तरी रिसोर्स बंद करा, लागलं तर जबरदस्तीने, आणि मगच कॅन्सल झाल्याचं वर कळवा. बात खतम. रस्टच्या ‘टोकिओ’त तर ‘कॅन्सल सेफ्टी’ असा वेगळा मथळाच आहे. ‘सिलेक्ट!’मध्ये दुसऱ्या शाखेने बाजी मारली आणि ‘रीड_एक्झॅक्ट’ अर्ध्यात सुटलं, तर तोवर वाचलेले बाइट गेले म्हणून समजा, असं ते स्वतःहून बजावतात.

एवढं लिहायचं म्हणजे लेखकाला आधी आपलाच कोड वाचावा लागतो. तिथेच तर घोडं पेंड खातं.