लांबचं, जवळचं आणि मधलं

जवळचं दिसेनासं झालं की माणूस पहिला ठपका छपाईवर ठेवतो. पेपरवाल्यांनी टाइप बारीक केलाय. औषधाच्या पट्टीवरची तारीख कंपन्या मुद्दाम चंदेरीवर चंदेरी उमटवतात (हे मात्र खरंच आहे). मग दिव्यांची पाळी येते. हल्लीच्या एलईडीला जुन्या साठच्या बल्बची सर नाही. माझ्या नणंदेने घरातले सगळे दिवे बदलले, पेपर बदलला, आणि हॉटेलात गेली की मेनूकार्ड समोरच्या माणसाच्या हातात धरायला देऊन वाचू लागली. याच काळात तिच्याकडे तांदूळ फार स्वच्छ येत असत. किराणावाल्याचं ती तोंडभरून कौतुक करायची. कौतुक थांबलं ते एका रविवारी, पंगतीत व्याह्यांच्या दाताखाली कचकन खडा आला तेव्हा.

वास्तविक यात दिव्याचा, पेपरचा किंवा किराणावाल्याचा काही दोष नसतो. जवळचं बघायला डोळ्यातल्या भिंगाने फुगून जरा गोल व्हावं लागतं, आणि हे भिंग लहानपणापासूनच हळूहळू कडक होत चाललेलं असतं. विशीत नाकापासून दहा सेंटीमीटरवर धरलेलं अक्षर दिसतं. पंचेचाळिशीत ते वीतभराच्या पुढे न्यावं लागतं आणि साठीला जवळपास मीटरभर. हाताची लांबी मात्र विशीत होती तेवढीच राहते. हात पुरेनासा झाला की चाळिशी लागली असं समजावं.

या सगळ्यात एक जमात मिजाशीत असते, मायनसवाल्यांची. आमच्या ह्यांचा नंबर मायनस अडीच. शाळेत त्यांना ‘ढापण्या’ म्हणत, क्रिकेटमध्ये कायम अंपायर करत. त्या सगळ्याचं उट्टं ते आता काढतात. मायनस अडीचच्या माणसाला चाळीस सेंटीमीटरवरचं चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, म्हणजे पेपर जिथे धरतो तिथलंच. माझी चष्म्यासाठी शोधाशोध चालू असताना हे आपला चष्मा कपाळावर चढवतात आणि औषधाच्या पट्टीवरचं मला मोठ्याने वाचून दाखवतात, उत्पादकाच्या पत्त्यासकट.

वाईजवळच्या माझ्या मावशीच्या गावात यावर सहकारी तोडगा आहे. बाजारातून आणलेल्या एका रेडीमेड चष्म्यावर अख्खं भजनी मंडळ चालतं. नंबर दोन्ही काचांना सारखाच, प्लस दोन. ज्येष्ठांना तो कमी पडतो, नवशिक्यांना जास्त होतो. त्यामुळे एकजण वही गुडघ्यावर ठेवतो, दुसरा नाकाला लावतो, आणि चष्मा पुढच्याकडे पोचेपर्यंत टाळकरी ध्रुपद घोळवत राहतात. गावात लोकांना वाटतं, काय रंगलंय भजन!

मला शहरात राहत असल्यामुळे रीतसर नंबर काढावा लागला. आधी यंत्राला हनुवटी लावायची. आत एक सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो. तो पुसट होतो, स्पष्ट होतो, परत पुसट होतो, आणि तेवढ्यात यंत्राने तुमचा नंबर छापलेलाही असतो. मग ती लोखंडी गोल फ्रेम नाकावर चढते आणि तरुण मुलगा काचा बदलत विचारतो, “काकू, आधीचं बरं की हे?” ज्यांनी आयुष्यभर परीक्षा दिल्या त्यांना हा प्रश्न सहज सोडवता येत नाही. दोन्ही सारखंच दिसतंय म्हणावं तर लक्ष नव्हतं असं वाटेल. मग आपण त्याच्या चेहऱ्यावरून बरोबर उत्तर ओळखू पाहतो, आणि तो चेहरा दिसत असता तर आपण तिथे गेलोच कशाला असतो?

नंबर निघाला: लांबचा प्लस पाऊण आणि जवळसाठी त्यात मिळवायचे दोन. “तुम्ही दिवसभर काय बघता?” त्याने विचारलं. असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. पोळी परातीत असते हातभर अंतरावर, फोन त्याच्या अलीकडे, ऑफिसचा कॉम्प्युटर त्याच्या पलीकडे आणि बस नंबरसकट निघून गेलेली असते. त्याला एवढंच ठरवायचं होतं, बायफोकल की प्रोग्रेसिव्ह.

बायफोकलचं श्रेय बहुतेकजण बेंजामिन फ्रँकलिनला देतात. १७८५ सालच्या एका पत्रात त्याने या दुहेरी चष्म्याचा फायदा लिहून ठेवलाय. तेव्हा तो फ्रान्समध्ये होता. जेवणाच्या टेबलावर खालच्या काचेतून ताटातलं दिसे आणि वरच्या काचेतून पलीकडे बसलेल्यांचे चेहरे. ओठ हलताना दिसले की त्याला फ्रेंच जास्त कळायचं. मला हा माणूस एकदम आपला वाटला. लग्नाच्या पंगतीत जिलबी आणि समोरच्या ओळीतली भाऊबंदकी एकाच वेळी न्याहाळायची तर याहून सोयीची वस्तू नाही. पण आजही त्यात दोन नंबरांमधली रेघ दिसते, किंवा गोल खिडकीचं क्रिप्टॉक भिंग घेतलं तर काचेत चिकटलेला चंद्र. वय सांगून टाकायला तेवढं पुरतं.

प्रोग्रेसिव्हला रेघ नसते. हे भिंग १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आलं, बर्नार मेतनाझ नावाच्या इंजिनिअरच्या खटपटीतून. वर लांबचं, खाली जवळचं आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कॉम्प्युटर. मेख अशी की हा पट्टा सोडून दोन्ही बाजूंना सगळं वितळल्यासारखं दिसतं. “जे बघायचं त्याच्याकडे नाक करायचं,” मुलाने समजावलं. पुण्यात हे कसं जमायचं? शेजारच्या टेबलावर कोण कोणाबरोबर आलंय हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत आलो. नाक वळवून बघायचं म्हणजे सरळ चौकशीच की.

एवढ्या चर्चेनंतर फ्रेमची निवड, आणि ती आंधळ्या कोशिंबिरीने. दाखवायच्या फ्रेममध्ये साध्या काचा असतात, नंबर नसतो. चष्मा लागतो म्हणून आलेल्या बाईने चष्म्याशिवाय चष्मा पसंत करायचा. काउंटरसमोरच्या आरशाजवळ नाक नेलं तर त्यात एक प्रेमळ ढग दिसला. चेहरा स्पष्ट होईपर्यंत मी एकेक पाऊल मागे सरकत गेले. पाठ काउंटरला टेकली तेव्हा चेहरा स्पष्ट झाला, पण पासपोर्टच्या फोटोएवढा. मुलगा तोवर ‘काकू’वरून ‘मॅडम’वर आला होता, फ्रेम दोन हजारांच्या वर गेली की हे आपोआप होतं. “तुमच्या फेसकटला कॅट-आय उठून दिसेल, मॅडम.” मी ह्यांना विचारलं. ह्यांच्याकडे फ्रेमसाठी ‘बरी आहे’ एवढं एकच मत असतं. बेंगळुरूच्या लेकीला फोटो पाठवले तर कॅट-आयवर उत्तर आलं, “आई, नाटकातली खाष्ट सासू.” रिमलेसवर, “आता रिटायर्ड न्यायाधीश.” शेवटी तपकिरी शेल फ्रेम तिनेच ठरवली. मुलाने मार्करने दोन्ही काचांवर बुबुळांसमोर एकेक ठिपका काढला, पट्टीने अंतर मोजलं आणि फ्रेम पुरेशी उंच आहे म्हणाला. प्रोग्रेसिव्हला उंची लागते, नाहीतर खालचं वाचायचं सगळं कापून जातं.

चष्मा आल्यावर आठवडाभर पर्वती उतरणं बंद केलं. खाली पाहावं तर नजर वाचायच्या भागातून जाते आणि पायरी लाटेसारखी हलते. मान खाली घालून, हनुवटी गळ्याला टेकवून उतरायला शिकले. वाचनालयात वरच्या फळीवरचं नाव वाचायचं तर उलट, मान मागे टाकून नाक आकाशाकडे. ग्रंथपाल बाईंना वाटलं मी रुसलेय.

इकडे मायनसवाल्यांना मोतीबिंदू झाला. आत नवं भिंग बसवणार. डॉक्टरांनी विचारलं, “लांबचं चष्म्याशिवाय दिसायला हवं की जवळचं?” साधं भिंग एकाच अंतराचं असतं. लांबचं निवडलं तर चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचण्याचा मान जातो, ढापण्यांची सगळी मिळकत एका ऑपरेशनमध्ये संपते. यांनी विचाराला वेळ मागून घेतला. मित्रांना विचारलं, माझ्या नणंदेला विचारलं, भजनी मंडळातल्या मावसभावालाही फोन केला. पुढच्या भेटीला डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न केला तेव्हा शांतपणे म्हणाले, “जवळचंच ठेवा. लांबचं काय, ही सांगतेच.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाक त्यांच्याकडे केलं आणि होकार दिला.