सार्थ चार्जर

औंढा नागनाथला एसटीतून उतरून देवळाकडे चालू लागलं, की बेलफुलं, पेढे, रुद्राक्षाच्या माळा, पितळी नाग आणि मोबाइलची कव्हरं एकाच रांगेत विकायला बसलेली दिसतात. त्यातल्या मोबाइलच्या एखाद्या टपरीपुढे प्लॅस्टिकच्या स्टुलावर गुरुजी हमखास सापडतात. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर गेली. आयुष्यभर कागदांवर शिक्के मारल्यामुळे विनाकारण शिक्का कुणी मारत नसतो, अशी त्यांची श्रद्धा पक्की झाली आहे. निवृत्तीनंतर ही श्रद्धा चार्जरकडे वळली.

गिऱ्हाईक चार्जर विकत घेतं, पैसे देतं आणि निघतं, तोच गुरुजी हात पुढे करतात. "बघू इकडं." चष्मा कपाळावर, चार्जर नाकाजवळ. चार्जरच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जी चित्रं असतात ती आपण कुणी वाचत नाही. गुरुजी वाचतात, आणि वाचून थांबत नाहीत.

यूएसबीच्या टोकावर त्रिशूळ असतो. ज्योतिर्लिंगाच्या गावात त्याचा अर्थ वेगळा शोधावा लागत नाही. पण गुरुजी तपशिलात शिरतात. त्रिशुळाच्या एका टोकाला वर्तुळ आहे, मधल्याला त्रिकोण, तिसऱ्याला चौकोन. "वर्तुळ म्हंजे पिंड, त्रिकोण म्हंजे शिखर, आन् चौकोन म्हंजे गाभारा. कंपनीत कुणीतरी आपला माणूस असणार." यूएसबीचं पहिलं मानक १९९६ साली आलं, ते घडवणाऱ्या सात कंपन्यांमध्ये इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट होत्या, आणि एकाच खोबणीत नाना तऱ्हेची यंत्रं जोडता यावीत हा त्यांचा उद्देश होता. तीन टोकांचे तीन आकार त्या नाना तऱ्हांचे, असं साधारणपणे मानलं जातं. इंग्रजीतही या खुणेला ट्रायडंट म्हणजे त्रिशूळच म्हणतात, तेव्हा गुरुजी निम्मे तरी पास आहेत.

एकदा अर्थ सांगायचा म्हटलं की निम्म्यावर भागत नाही. चार्जरवर घराचं छोटं चित्र असतं. ही वस्तू छपराखालीच वापरा, पावसापाण्यात नेऊ नका, एवढंच त्याचं सांगणं. गुरुजींच्या मते तो चार्जर घरकुल योजनेतला असतो आणि काळ्या बाजारात आलेला असतो. एका वर्तुळात रोमन आकडा असतो, व्ही आणि आय. तो सहाचा आकडा; वीज वाया न घालवण्याच्या प्रतवारीतली ती सहावी पायरी. गुरुजी मात्र गिऱ्हाइकाला बजावतात, की तुझं सिम व्हीआयचं नसेल तर घेऊ नकोस, मोबाइल फुगंल. टपरीवाला पोरगा अशा वेळी आभाळाकडे बघतो.

चौकोनात चौकोन ही खूण त्यांच्या विशेष आवडीची. वाड्यात वाडा, म्हणजे जुन्या खानदानी कंपनीचा माल. खरं तर आत दुहेरी विद्युतरोधक आवरण आहे, अर्थिंगची गरज नाही, असं ती सांगते. अशा चार्जरला तिसरी पिन लागत नाही ती यामुळेच. हे त्यांना सांगून पाहिलं, तर ते म्हणतात, "मंग मी येगळं काय सांगायलो? वाड्याला बी दोन भिंती असतातच की."

सगळ्यात लाभदायक ठरली ती कचऱ्याच्या डब्यावरची फुली. कचऱ्यात टाकू नका, असं कंपनीनेच लिहून दिल्यावर गुरुजींनी घरातली एकही वस्तू टाकली नाही. लाकडी पेटीत बटणांचे मोबाइल, फुगलेल्या बॅटऱ्या, पिळाच्या वायरी, रेडिओची पाठ, रिमोटचं पोट असं सगळं नांदतं आहे. घरातून ओरडा झाला की ते फुली दाखवतात. गंमत अशी, की अर्थ त्यांनी शेंडी लावून काढला तरी नियम मात्र पाळला. ती खूण सांगते, की ही वस्तू घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, वेगळी गोळा करणाऱ्याकडे द्या. भारतात ई-कचऱ्याचे नियम २०११ साली आले, आणि नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गुरुजी त्या खुणेचं पहिलं सांगणं काटेकोर पाळतात, दुसरं पेटीखाली दबलंय. फुगलेल्या बॅटऱ्या तरी त्यांनी बाहेर काढाव्यात; पेटी लाकडी आहे.

असे गुरुजी काही औंढ्यातच निपजतात असं नाही. वसमतच्या हळदबाजारात ते आहेत, पुण्यात सोसायटीच्या बाकावर ते आहेत, आणि पहाटे पाचला व्हॉट्सअॅपवर तर तेच ते आहेत. टूथपेस्टच्या नळीवरची हिरवी पट्टी म्हणजे आयुर्वेदिक आणि काळी म्हणजे निव्वळ रसायन, हे त्यांनीच आपल्याला कळवलं. नळी कुठे कापायची आणि दुमडायची हे यंत्राच्या डोळ्याला कळावं म्हणून ती पट्टी असते, एवढा रुक्ष अर्थ पुढे पाठवावासा कुणाला वाटेल? सी आणि ई ही अक्षरं जवळजवळ असली तर 'चायना एक्स्पोर्ट' आणि दूर असली तर अस्सल युरोपचा माल, हाही त्यांचाच शोध. 'चायना एक्स्पोर्ट' नावाची अधिकृत खूण अस्तित्वातच नाही. सीई म्हणजे युरोपातले नियम पाळल्याचं उत्पादकाचं म्हणणं, आणि पुष्कळदा ते त्याचं स्वतःचंच म्हणणं असतं.

त्यांची परंपरा जुनी आहे. तबकड्यांच्या काळात कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेलं एचएमव्हीचं कुत्रं मालकाच्या शवपेटीवर बसलंय, असं सांगणारे आजोबा घरोघर होते. निपर नावाच्या त्या कुत्र्याचं चित्र फ्रान्सिस बॅरॉडने काढलं तेव्हा समोर दुसऱ्याच जातीचं यंत्र होतं. ग्रामोफोन कंपनीच्या सांगण्यावरून १८९९ साली त्याने त्यावर ग्रामोफोन रंगवला. मग टीव्ही आले. ओनिडाचा शिंगं-शेपटीवाला सैतान घरात आणावा की नाही, यावर कितीतरी ओसऱ्यांवर खल झाला.

औंढ्याच्या गुरुजींना एक जादा कारण आहे. या गावात अर्थाविना दगड नाही. नंदी देवासमोर असायचा, इथे तो देवळामागे आहे. का? कुठल्याही पोराला विचारा. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितलं, ते गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून नामदेवांना शिकवलेला धडाही याच गावचा. पायऱ्या उतरून ज्या अरुंद गाभाऱ्यात वाकत जावं लागतं, त्याच्या उंबऱ्यापासून बाहेरच्या भिंतीवरल्या शिल्पांपर्यंत प्रत्येक गोष्टीला कथा आहे. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाने चार्जरवरची खूण नुसती खूण आहे असं कसं मानावं? त्याच्या हिशेबी कथा नसलेलं चित्र म्हणजे अर्धवट काम.

पुण्याला नोकरी करणारा भाचा सुट्टीत आला, तेव्हा या श्रद्धेची परीक्षा झाली. ब्लूटूथच्या खुणेवर गुरुजींचं प्रवचन चालू होतं. ती खूण म्हणजे उभा धरलेला डमरू, हवेतून नाद जातो म्हणून. भाच्याने मध्येच सांगितलं, की दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता, त्याचा एक दात किडून निळसर पडला होता म्हणे, म्हणून त्याला निळदात्या म्हणायचे. त्याने विस्कटलेले मुलूख एकत्र आणले, आणि या तंत्राने वेगवेगळी यंत्रं एकत्र यायची होती. म्हणून १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाकने ते नाव तात्पुरतं सुचवलं. पुढे चांगलं नाव ठेवायचं ठरलं होतं, पण तात्पुरतंच चिकटलं. खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची दोन जुनी अक्षरं एकमेकांवर बसवलेली.

टपरीपुढे क्षणभर कुणी बोललं नाही. मग गुरुजींनी भाच्याच्या पाठीवर हात ठेवला.

"किडका दात? मोबाइलवर? लेका, शिकलास लई, पर थापा बी शिकलास."

बिचाऱ्याच्या सगळ्या सांगण्यात दाताची दंतकथा सोडली तर बाकी सरळ इतिहास होता. पण कथा खोटी वाटण्याइतकी खरी असली की गुरुजींच्या दरबारात ती टिकत नाही. त्यांना जुळणारा अर्थ लागतो. अॅपलच्या फळाबाबत मात्र मामा-भाच्यांचं जमलं. ते न्यूटनचं सफरचंद, असं गुरुजी म्हणाले आणि भाच्याला मान हलवावी लागली, कारण १९७६ सालचं त्या कंपनीचं पहिलं चिन्ह खरोखरच झाडाखाली बसलेल्या न्यूटनचं होतं. पुढच्या वर्षी रॉब जॅनॉफने साधं फळ काढलं आणि ते चेरी वाटू नये म्हणून त्याचा चावा घेतला. चावा कुणी घेतला यावर गुरुजींचं मत राखीव आहे.

या सगळ्यात एक खूण ते कधीच वाचत नाहीत. भारतीय मानक ब्युरोचा शिक्का, त्याखाली आर आणि आठ आकडे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी आणणारा आदेश २०१२ सालचा. हा क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये टाकला तर माल कुणी बनवला ते कळतं, आणि क्रमांक बनावट असेल तर तेही. शेतातल्या आखाड्यावर रात्री मोबाइल उशाशी चार्जिंगला लावून झोपणाऱ्या माणसाच्या कामाची खूण हीच. टपरीवाल्या पोराने एकदा ती दाखवली, तर गुरुजींनी अंगठ्याने झाकली आणि शेजारचा त्रिशूळ पुढे केला. आठ आकड्यांत ना देव, ना राजा, ना कुत्रं. आयुष्यभर आवक क्रमांक लिहिलेल्या माणसाला आकड्यांचा कंटाळा आला असेल, तर त्याला कोण काय म्हणणार?

सध्या त्यांचं लक्ष तालुक्यातल्याच मोठ्या चित्राकडे गेलं आहे. दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, एकमेकांना काटकोनात. कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की येणाऱ्या लहरीने त्या बाहूंच्या लांबीत पडणारा फरक, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, लेझरने मोजायचा. भाच्याने मोबाइलवर आराखडा दाखवला. गुरुजींनी मोबाइल आडवा केला, उभा केला, उलटा धरला.

"गवंड्याचा गुण्या हाय ह्यो," ते म्हणाले. "देऊळ फिरलं व्हतं न्हवं? ते सरळ हाय का ते बघायलेत."

भाच्याने कपाळावर हात मारला. टपरीवाल्याने विचारलं, की गुरुजी, तिथं गेटावर मोठा लोगो लावतील, तो कसा असंल?

"काय लावायचं ते लावू द्या," गुरुजी म्हणाले. "अर्थ आपल्याकडं तयार हाय."