दुधाला कोणी बोल लावत नाही

जगातल्या तीन प्रौढ माणसांपैकी साधारण दोघांना दुधातली साखर धड पचत नाही. महाराष्ट्रात याहून कितीतरी कमी बळावर सरकारं आली आणि टिकली आहेत. आम्ही मात्र एवढं बहुमत असूनही जन्मभर खुलासे देत फिरतो. "मला दूध चालत नाही" एवढं म्हटलं की समोरचा माणूस आधी आपल्या तोंडाकडे पाहतो, मग पोटाकडे. दुधाकडे कोणी पाहत नाही. दूध हे पूर्णान्न, त्यामुळे ते जन्मतः निर्दोष. चौकशी व्हायची ती पोटाची.

मुळात प्रकरण साधं आहे. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाकडे ते मुबलक असतं. बाळ भाकरीला लागलं की शरीर हा कारखाना हळूहळू गुंडाळत आणतं, कारण घोडा झालेला माणूसही दूध पीत बसेल अशी निसर्गाची कल्पनाच नव्हती. पुढे गुरं पाळणाऱ्या काही लोकांत, गेल्या दहाएक हजार वर्षांत, हा कारखाना चालू ठेवणारा जनुकीय बदल झाला आणि पसरला. उत्तर युरोपात अशी माणसं बहुसंख्य आहेत. आपल्या देशात ती उत्तरेला जास्त, दक्षिणेला कमी. जालना मधे कुठंतरी येतं, पण माझं आतडं स्वभावानं पक्कं दाक्षिणात्य आहे. न फुटलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन वगैरे वायू तयार होतात, आणि पुढचं वर्णन विमा एजंटाच्या प्रतिष्ठेला शोभणारं नाही.

हो, मी विमा विकतो. नवीन जालन्यात. सदर बाजारापासून कादराबादपर्यंत माझी गिऱ्हाइकं पसरलेली आहेत आणि प्रत्येकाकडे चहा आहे. आमच्या धंद्यात मृत्यूचा विषय चहाशिवाय काढता येत नाही. तसं पाहिलं तर अर्धा कप चहात दूध असतं किती? दोन-तीन ग्रॅम लॅक्टोजपुरतं. एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे पेलाभर दुधातलं लॅक्टोज, आमच्यापैकी बहुतेकांना फारसा त्रास न होता सोसतं, असं संशोधक सांगतात. हे संशोधक नवीन जालन्यात वसुलीला फिरलेले नसावेत. इथं एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाईपर्यंत बारा ग्रॅम केव्हाच ओलांडलेले असतात, आणि शेवटच्या दुकानात "आमचा चहा कडू आहे का?" हा प्रश्न उभाच असतो.

कोरा चहा मागून पाहावा, तर त्याचा अर्थ यजमान आपल्या परीनं लावतो. कोरा चहा म्हणजे घरात दूध नाही. "आमच्यावर अजून ती वेळ आली नाही," असं एका सराफानं मला दुखावलेल्या आवाजात सांगितलं आणि खास सायीचा चहा मागवला. माझ्याच घरी मी कोरा चहा पितो हे शेजारच्या काकूंनी पाहिलं, तर संध्याकाळी त्यांच्याकडून अर्धा लीटर दूध आलं. "पैशाचं पुढच्या महिन्यात बघू," असाही निरोप होता. विम्याचा हप्ता भरायला त्या तेव्हापासून कचरतात. ज्याला दूध परवडत नाही, त्याच्याकडे आपला पैसा कसा सोपवायचा?

शिवाय हे गाव पचवण्याच्या बाबतीत अभिमानी आहे. इथल्या भट्ट्या मुलुखाचं भंगार वितळवतात आणि सळया करून बाहेर काढतात. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच महिको सुरू केली आणि जालन्याचं बियाणं देशभर उगवू लागलं. अशा गावात राहून एका माणसाला पेलाभर दुधातली साखर फोडता येऊ नये, याचा मला जेवढा त्रास होतो त्याहून जास्त कमीपणा माझ्या परिचितांना वाटतो. "अहो, आपल्याकडं लोखंड विरघळतं," असं एका सळईवाल्यांनी मला ऐकवलं. मी त्यांना तापमान विचारलं नाही.

सल्ल्यांना तोटा नाही. हळद घालून घ्या, सुंठ घालून घ्या, उभ्यानं घ्या, बसून घ्या, रात्री घ्या, अनशापोटी घ्या. "घेऊ नका" हा सल्ला अजून कुणी दिलेला नाही. सुंठीनं, हळदीनं आणि बसण्यानं लॅक्टोज कमी होत नाही, पण हे बोलून दाखवणं उर्मटपणाचं ठरतं.

त्यातून सावरतो न सावरतो तोच देशी गाईवाले भेटतात. त्यांच्या मते मला दूध चालत नाही असं नाहीच. मला चुकीच्या गाईचं दूध मिळत आलं आहे. गीर गाईचं ए-टू दूध घ्यायचं. आता ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचा. लॅक्टोज दोन्हींत सारखंच. साखर गाईची जात बघून आत येत नाही. पण भाव दुप्पट असल्यामुळे फायदाही दुप्पट असणार, अशी आपली साधी सरळ श्रद्धा. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २१ ऑगस्ट २०२४ रोजी पाकिटांवरचे हे ए-वन, ए-टूचे दावे काढून टाकायला सांगितलं आणि २६ ऑगस्टला ते सांगणं मागे घेतलं. पाच दिवस दिल्लीलाही धड पचलं नाही, एवढंच मी त्यातून समजलो.

शेळीचं दूध सुचवणारे आपल्या मदतीला थेट गांधीजींना घेऊन येतात. शेळीच्या दुधात लॅक्टोज किंचित कमी असतं हे खरं, पण "किंचित" या हिशेबावर माझं आतडं वाटाघाटी करत नाही. आणि गांधीजींचं कारण पचनाचं नव्हतंच. त्यांनी दूध सोडण्याचं व्रत घेतलं होतं. आजारपणात कस्तुरबांनी वाट काढली की व्रत घेताना मनात गाई-म्हशीच होत्या, तेव्हा शेळीचं चालेल. ही पळवाट त्यांना स्वतःलाच पुढे टोचत राहिली, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. एवढं सगळं सांगेपर्यंत शेळीवाल्यानं माप भरलेलं असतं.

औषधाच्या दुकानात लॅक्टेजचे थेंब मिळतात. मागितल्यावर काउंटरवरच्या मुलानं अगदी मायेनं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं आहे?" मी खरं वय सांगितलं. त्यानंतर दुकानात जी शांतता पसरली तिचा फायदा घेऊन एका बाईंनी माझ्या आधी आपलं बिल करून घेतलं. त्याच दुकानातून घेतलेल्या दुसऱ्या एका गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत घटक वाचले, तर गोळीला आकार यावा म्हणून तिच्यात लॅक्टोजच भरलेलं होतं. असं अनेक गोळ्यांत असतं आणि इतक्या कणभरानं सहसा काही होत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. तरीही माणसाला आपल्या शत्रूनं निदान दवाखान्याबाहेर थांबावं असं वाटतं.

राहिले पर्याय. पर्यायांची परीक्षा आमच्याकडे एकच: चहा. सत्त्व, जीवनसत्त्व, कॅल्शियम हे सगळं नंतर.

पहिला मान सोयाबीनचा, कारण आमच्या जिल्ह्यात ते पोत्यांनी पिकतं आणि भाव न मिळाल्यानं पोत्यांतच राहतं. किराणा दुकानात सोयाचं दूध मागितलं तर दुकानदार म्हणाले, "दूध नाही, पण क्विंटलभर सोयाबीन आहे. काढा तुम्हीच." म्हणून घरी काढलं. रात्रभर भिजवा, सालं काढा, वाटा, उकळा, गाळा. थंड पाण्यात वाटलं तर त्यातलं एक विकर जागं होतं आणि दुधाला शेंगांचा उग्र वास येतो. उकळत्या पाण्यात वाटलं तर वास कमी येतो आणि मिक्सरचं भांडं जातं. एवढं करून ते कडक चहात ओतलं की फाटतं. आणि न फाटलेलं प्यायलं तर आणखी एक गोष्ट उघड होते. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या तर जगात कुणाच्याच लहान आतड्याला फुटत नाहीत. त्याही खाली उतरतात आणि त्याच जिवाणूंच्या हवाली होतात. म्हणजे भाडेकरू बदलला, गोंगाट तोच.

बदामाचं दूध विकत मिळतं. पाकिटावर बदामांचं मोठं चित्र असतं. आतल्या बदामांचं प्रमाण मागच्या बाजूला, शेकड्यात जेमतेम काही टक्के. बाकी पाणी. भाव मात्र म्हशीच्या दुधाच्या तिप्पट-चौपट, त्यामुळे चहा करताना घरात सगळे कुजबुजत बोलतात. ओट्सचं दूध घरी केलं तर गरम होताच सुती साडीला घालायच्या खळीसारखं होतं. नारळाचं दूध चांगलं असतं, पण ते कोकणाचं आहे आणि चहात पडल्यावरही ते आपण कोकणाचे आहोत हे सांगत राहतं. सरतेशेवटी शेंगदाणे. स्वस्त, घरातले, न फाटणारे. शेंगदाण्याच्या दुधाचा चहा अजिबात वाईट लागत नाही. फक्त पहिल्या घोटापासून आज एकादशी आहे असं वाटू लागतं.

लॅक्टोजमुक्त दूध हा यातला खरा तोडगा. ते दूधच असतं. लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते. फुटलेली साखर जास्त गोड लागते, म्हणून चहात साखर कमी लागते. एवढी सोय असल्यामुळे ते आमच्या गल्लीतल्या दुकानात नसतं. "मागणी नाही," दुकानदार म्हणतात. मी त्यांच्यासमोर उभा राहून मागत असतो.

या सगळ्यात मला खरा धोका कढीचा आहे. दह्यात काही लॅक्टोज विरजणातल्या जिवाणूंनी संपवलेलं असतं आणि उरलेलं फोडायलाही तेच हातभार लावतात. त्यामुळे ताक, कढी, मठ्ठा मला चालतात. तुपात तर लॅक्टोज नसल्यातच जमा. पण लग्नाच्या पंगतीत मी मठ्ठ्याचा दुसरा ग्लास उचलला की समोरच्या आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "ह्याला दूध चालत नाही म्हणे!" पंगतीत जिवाणूंची कामगिरी समजावून सांगता येत नाही, मी प्रयत्न केला तेव्हा शेजारच्या माणसानं जेवण थांबवलं. पेढ्याचं याच्या उलट. खवा म्हणजे आटवलेलं दूध, म्हणजे लॅक्टोजही आटून दाट झालेलं. कुणाच्या मुलाला मेडिकलला जागा मिळाली आणि मी पेढा नाकारला, तर मला त्या मुलाचं चांगलं झालेलं बघवत नाही असा निष्कर्ष निघतो. मी आता पेढा खिशात घालतो. माझ्या धोब्याला लोकांच्या मुलांचे निकाल माझ्या खिशातून कळतात.

आणि ज्यांनी हा देश दुधानं भरून टाकला, ते वर्गीस कुरियन स्वतः दूध पीत नसत. त्यांना ते आवडत नसे आणि ते तसं उघड सांगत. १९७० साली दुधाचा महापूर त्यांनी सुरू केला, देश पुढे दूध उत्पादनात जगात पहिला आला, आणि या काळात त्यांना कुणी हळद घालून घ्यायला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या गल्लीच्या मंडळानं हे सूत्र नकळत उचललं आहे. कोजागरीला मसाला दूध आटवायला आणि वाढायला मला बसवतात. भांड्याजवळ बसून चाखत राहणार नाही असा गल्लीत मी एकटाच, याची सर्वांना खात्री आहे. आणि पळी हातात आली की माणसं कळतात. सळईवाले वाकून हळूच म्हणतात, "अर्धाच द्या." औषधाच्या दुकानातला मुलगा पेला पुढं करतो आणि बोटानं अगदी खालची रेघ दाखवतो. आत्यांना "आज जेवण जड झालंय." देशी गाईवाले सर्वांत शेवटी येतात, इकडेतिकडे बघतात आणि "नुसतं प्रसादापुरतं" म्हणतात. सकाळी भांड्यात निम्मं दूध उरतं आणि ते "यंदा थंडी लवकर पडली" म्हणून उरलं असं ठरतं.

यंदा मी वर्गणीत सूट मागितली. मंडळाचा अध्यक्ष चांगला मुलगा आहे, त्यानं शांतपणे अडचण सांगितली. "काका, दूध न पिणाऱ्यांना सूट दिली, तर उद्या अर्धी गल्ली पोट पुढं करील. मग दूध कशातून आणायचं?"

मी पूर्ण पावती फाडून घेतली.