चेहऱ्यावरचे थर : हरमलपुरते पोटनियम

तोंडाला काहीतरी लावलेच पाहिजे, याबद्दल आता घराघरांत एकमत आहे. वाद उरला आहे तो आधी काय आणि मग काय, एवढाच. सर्वमान्य नियम असा : पातळ ते आधी, दाट ते मागाहून. चेहरा धुवावा, मग टोनर, सीरम, मॉइश्चरायझर आणि शेवटी सनस्क्रीन. हा नियम करणारा बहुधा वातानुकूलित खोलीत बसला असावा. गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या हरमलला खाऱ्या वाऱ्याचा थर तुम्ही उठायच्या आधीच बसलेला असतो, म्हणून धुणे इथे अनिवार्य. मॉइश्चरायझर मे महिन्यात ऐच्छिक.

व्हिटॅमिन सीचे सीरम सकाळी लावावे. ते उन्हाने, उष्म्याने बिघडते, सबब फ्रिजमध्ये बांगड्यांपासून योग्य अंतर राखून ठेवावे. तपकिरी झाले की टाकून द्यावे, किंमत आठवत बसू नये. रेटिनॉल मात्र रात्री. हरमलच्या किनाऱ्यावर रात्र नक्की केव्हा सुरू होते, हे ढोल वाजवणाऱ्यांना विचारावे.

इथे घरातली वडीलधारी मंडळी हरकत घेतील : नरकचतुर्दशीला आपण आधी तेल चोपडतो, मग उटणे, दाट आधी आले की नाही? हरकत रास्त आहे. पण ते दोन्ही धुऊन टाकण्यासाठीच असते. तेल मळ सोडवते, उटणे तेल टिपते आणि ऊन पाणी दोघांना घेऊन जाते. हल्ली कोरियाच्या नावाने दोनदा तोंड धुण्याची जी रीत आली आहे, तिच्यातही आधी तेल आणि मग फेस. त्यांच्याकडे कारीट फोडत नाहीत, इतकाच फरक.

आता सनस्क्रीन. लोक वाटाण्याएवढे घेतात आणि दिवसभर निर्धास्त फिरतात. तर्जनी आणि मधले बोट भरून निघेल इतके चेहऱ्याला व मानेला लागते. घाम आला, समुद्रात उतरलात किंवा दोन तास झाले, की पुन्हा. एसपीएफ 30 यूव्हीबी किरणे सुमारे 97 टक्के अडवतो, 50 सुमारे 98. त्या एका टक्क्यासाठी दुकानदाराशी हुज्जत घालू नये. पांढरट झाक राहिली तरी लाजू नये; पेडण्यात दशावतारी नट असा चेहरा घेऊन रात्रभर राज्य करतो.

खरा पेच चिखलाचा. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, दुकानांच्या रांगेतून खडकाळ वाटेने गेले की समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचे तळे आहे. त्याच्या वरच्या अंगाला, झाडीत, पिवळी माती मिळते. पाहुणे ती नखशिखांत फासून वाळत उभे राहतात. माती वाळली की हसू नये, गालाला तडे जातात. ही माती सनस्क्रीनच्या वर की खाली? कुठेच नाही. ती धुताना खालचे सगळे घेऊन जाते आणि माणूस भर बाराच्या उन्हात कोरा चेहरा घेऊन परततो. म्हणून आधी माती, मग धुणे, अंग टिपणे, मग ट्यूब. तळ्यात साबण लावू नये. तळ्याला आंघोळ करायची सोय नाही.

वाळूवर परदेशी पाहुणा तेल लावून पालथा पडलेला असतो. त्याच वेळी रस्त्यावरून गावची मुलगी हातमोजे घालून, डोळे सोडून सगळे तोंड ओढणीत बांधून स्कूटरवरून जाते. दोघांच्या पिशवीत ट्यूब आहे : त्याची रंग चढवण्याची, तिची उतरवण्याची. दोघांनी अदलाबदल केली तरी दुकानदाराचे काही बिघडणार नाही. आमच्या मते सगळ्यांत वरचा थर ओढणीचाच. ती दोन तासांनी पुन्हा लावावी लागत नाही.

टाचांना हा क्रम लागू नाही. तिथे रात्री भिरंडेल : भिरंडेच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचे ते घट्ट तेल दिव्यावर जरा पातळ करून भेगांत भरावे आणि मोजे चढवावेत. मोजे न घालता गुळगुळीत लादीवर चालल्यास पुढील उपचार हाडांच्या डॉक्टरकडे.