खोपोलीची एसटी आणि प्रमाण मराठी

मे महिन्यातली दुपार. पनवेलहून खोपोलीला निघालेल्या एसटीत पुण्याचे एक निवृत्त मराठी शिक्षक बसले होते. उतरायचं होतं लोधिवलीला. शेजारच्या आगरी आजी मागच्या सीटवरच्या सुनेला म्हणाल्या, "गारी थांबली का लगेच उतर." गुरुजींनी घाईघाईने खिडकी लावली आणि आभाळाकडे पाहिलं. वळवाचे दिवस, गारा पडूही शकतात!

आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न'. घोडा घोरा होतो आणि 'मला' म्हणायचं तर 'मना'. हे नियम आजीबाई इतके काटेकोर पाळतात की सदाशिव पेठेत ऱ्हस्वदीर्घही तितके पाळले जात नसतील.

दांडफाट्याला रसायनीकडची मंडळी चढली. रसायनी हे नावच कारखान्यांनी दिलेलं. 1960 साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स स्थापन झाली, 1982 साली पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ देशभरची माणसं इथं आली. त्यातला एक पोरगा फोनवर आईशी भोजपुरीत, मित्राशी हिंदीत आणि कंडक्टरशी सुट्या पैशांवरून अस्सल मराठीत भांडत होता.

अशीच भाषांची सरमिसळ आफ्रिकेतल्या कॅमेरून नावाच्या देशातही आहे. तिथं अडीचशेच्या आसपास भाषा आणि सरकारी कारभार इंग्रजी-फ्रेंचमध्ये. शहरातल्या तरुणांनी फ्रेंच, इंग्रजी, पिजिन आणि स्थानिक भाषांची भेळ करून 'कामफ्रांग्ले' बनवली. अभ्यासकांनी तिच्यावर प्रबंध लिहिले. "शिफ्ट छूटी ना? चल मग, गाडी पकडू," या दांडफाट्याच्या भाषेचं अजून बारसंही झालेलं नाही.

हे सगळं ऐकण्याच्या नादात लोधिवली मागे पडली. गुरुजी उतरले थेट चौकला.

चौकला यायला तसं मोठं निमित्त आहे. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथूनच डोंगर चढले आणि त्यांना माथेरान 'सापडलं'. डोंगरातल्या ठाकर-धनगरांना ते हरवल्याचं कुणी कळवलंच नव्हतं! पुढे तिथल्या पॉइंटांना लुईझा, पॅनोरामा अशी नावं पडली. साहेबाला नावं ठेवण्याची हौस आणि बोली मोजण्याचीही. ग्रिअर्सनसाहेबाच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात आगरीही आहे, ठाकरीही आहे आणि कातकरीही. नमुना म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगायची होती. त्यामुळे तो बिचारा बापाची इस्टेट उडवून बोलीबोलीत नव्याने घरी परतला.

फाट्यावर एक कातकरी कुटुंब गाठोडी घेऊन उभं होतं. पाऊस जवळ आला की वीटभट्ट्या थांबतात आणि ही माणसं वाडीवर परततात. बाप्या बायकोशी कातकरीत बोलला, टेम्पोवाल्याशी हिंदीत आणि गुरुजींशी मराठीत. कर्नाटकात कोळसा पाडायला जात असल्यामुळे मजुरी कन्नडमध्येही मोजता येते, असं त्यानं सहज सांगितलं.

"शाळा किती झाली?" गुरुजींनी सवयीने विचारलं.

"शाला नाय झाली, गुरुजी."

जनगणनेत साक्षर ठरायला एखादी भाषा समजून वाचता आणि लिहिता यावी लागते. चार भाषांत व्यवहार करणारा हा माणूस तिथं निरक्षर. गुरुजींना मराठीखेरीज जेमतेम हिंदी येते. ते साक्षरांत मोडतात.