पीएसआय साहेब

सोलापुरात पीएसआय म्हटलं की फौजदार. ब्रिस्बेनच्या आमच्या मराठी मंडळींत पीएसआय म्हटलं की टायरमधली हवा, आणि ती मोजत हिंडणारे आमचे साहेब. खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या वहीत असेल. एरवी ते कुणी उच्चारत नाही. गणपतीच्या आरतीला उशीर झालेला असतो, गाडी लावून तुम्ही लगबगीने निघता आणि मागून आवाज येतो, "डावं मागचं बत्तीसवर आलंय. बघा की ओ जरा." साहेबांनी टायरला हात लावलेला नसतो, नुसतं बघितलेलं असतं. आरतीनंतर मोजावं तर बत्तीसच.

ह्याच माणसाने एके काळी सोलापुरात बजाजची स्कूटर तिरकी करून, चार लाथा घालून चालू केलेली आहे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. वहिनी त्याच वर्गात होत्या. त्या सांगतात, सगळी मुलं लाटांत नाचत होती आणि हे एकटे समुद्राकडे पाठ करून उभे होते. कारण मागे कुणाची तरी मारुती वाळूत रुतली होती आणि सहा माणसं ती ढकलत होती. "मला वाटलं, किती परोपकारी मुलगा," वहिनी म्हणतात. ह्यापुढचं त्या सांगत नाहीत.

आता साहेबांकडे लँडक्रूझर आहे. तिच्या मागच्या भागात माणसांनी बसायचं नाही. तिथे कॉम्प्रेसर, दोन फावडी, शॅकल, ताणला की रबरासारखा लांबणारा नायलॉनचा जाडजूड पट्टा, चाकाखाली सरकवायच्या खाचेदार केशरी फळ्या चार, आणि हवा मोजायची गेज तीन. तीन कशाला? तर दोघांचं भांडण झालं तर तिसरा साक्षीला लागतो. सगळं धुतलेलं, पुसलेलं, आपापल्या पट्ट्याने बांधलेलं. देव्हाऱ्यातली भांडी इतकी लखलखीत नसतात. ह्यातलं रुतलेली गाडी काढायचं सामान कधीच वापरलेलं नाही, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

साहेबांनी आम्हाला केगारीला न्यायचं ठरवलं, ते ईस्टरच्या सुट्टीत. म्हणजे पूर्वीचं फ्रेझर आयलंड. २०२३ मध्ये बेटाला तिथल्या बुच्चुला लोकांचं मूळ नाव अधिकृतपणे परत मिळालं. लिहिताना पुढे 'के' असतो, तो म्हणायचा नसतो. नुसतं 'गरी' म्हणायचं. मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे गरी म्हणजे मासा पकडायचा गळ. बार्जमधून उतरतात त्या टोकाचं नाव हूक पॉइंट, हे ऐकल्यावर मला जरा शंका आली होती, पण परमिटं निघाली होती.

बेट सगळं वाळूचं. जगात ह्याहून मोठं वाळूचं बेट नाही. लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, डांबरी रस्ता जवळपास नाहीच. पूर्वेचा समुद्रकिनारा हाच हमरस्ता, आणि तो कायद्याने रस्ता आहे: वेगमर्यादा ८०, पोलिसांची गस्त, श्वास तपासून दारू पकडणं, सगळं रीतसर. वर पुन्हा त्याच पुळणीवर छोटी विमानंही उतरतात. त्यांना वाट द्यायची. फोर व्हील ड्राइव्हशिवाय तिथे जाता येत नाही. म्हणजे परमेश्वराने पृथ्वी निर्माण करताना एक तुकडा खास साहेबांसाठी बाजूला काढून ठेवला होता.

निघण्याआधी तीन रविवार आमचा अभ्यासवर्ग झाला. दोन गाड्या: साहेबांची, आणि मंडळात नवीनच आलेल्या नाशिकच्या एका मुलीची. ती आणि तिचा नवरा मागे; साहेबांच्या गाडीत ते, वहिनी, मी आणि माझी बायको. वर्गात साहेब पोटतिडकीने शिकवत. डांबरावर अडतीस असेल तर वाळूवर अठरा. हवा कमी केली की टायर पसरतो, उंटाच्या पायासारखा, आणि भार जास्त जागेवर वाटला जातो. वाळूत अचानक ब्रेक मारायचा नाही. रुतलं तर रेस करायची नाही, चाक आणखी खाली जातं. थांबायचंच झालं तर उतारावर, गाडीचं नाक खाली करून. "वाळूला फसवायचं नसतंय बे, वाळूला मानायचं असतंय," हे बोलताना त्यांचा आवाज जरा कापला. "कर्णाचं काय झालं? चाक रुतलं तेव्हा हवा कमी करायला सांगणारं कुणी नव्हतं."

"रथाच्या चाकात हवा नसते," आतून वहिनी म्हणाल्या.

भरती-ओहोटीचं तर विचारू नका. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढ्यातच पुळणीवरून गाडी न्यायची. बाकीच्या वेळी समुद्र रस्ता परत घेतो. साहेबांनी तक्ता छापून फ्रिजवर, आरशावर आणि न्हाणीघराच्या दाराला चिकटवला होता. मी आईला फोन केला. ती कालनिर्णय बघून म्हणाली, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघेल. आणि पौर्णिमेच्या आसपास जाऊ नको, उधाण असतं. पाऊणपटीचा हिशेब काही त्या किनाऱ्याला लागू पडला नाही, पण उधाणाचं तिचं बरोबर होतं. सोलापूरच्या माणसाला उधाण आणि भांग हे शब्द मी शिकवले, तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतले. माझ्या विद्वत्तेची एवढी कदर दुसऱ्या कुणी केलेली नाही.

इन्स्किप पॉइंटला बार्जची वाट बघायची. बार्जपर्यंतची ती शंभरेक पावलांची भुसभुशीत वाळू कुप्रसिद्ध आहे. भल्याभल्यांच्या गाड्या तिथेच बसकण मारतात. साहेबांनी शिट्टी काढली. दोन्ही गाड्यांच्या आठ चाकांतली हवा सों सों करत अठरावर आली. "टायरमधली गेली," वहिनी म्हणाल्या, "डोक्यातली कधी जाते बघू." साहेबांनी पट्टा हाताशी काढून ठेवला, टोपी नीट केली आणि आजूबाजूच्या गाड्यांकडे असं बघितलं, जसं लग्नाच्या पंगतीत तूप वाढणारा बघतो.

कुणीच रुतलं नाही. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. ओल्या वाळूचं असं असतं की ती दबते, घट्ट होते. एकामागून एक गाडी सरळ बार्जवर चढली. एक छोटीशी गाडी जरा डुगडुगली तेव्हा साहेब अर्धे उठले, तीही सावरली. ते परत बसले.

त्यानंतरचे तीन दिवस हा त्यांचा वनवास होता. आम्ही बेट बघत होतो आणि ते वाळू बघत होते. आत रेन फॉरेस्ट आहे, निव्वळ वाळूवर वाढलेलं; इथलं सॅटिने नावाचं लाकूड सुएझ कालव्याच्या कामाला गेलं होतं. एवढी झाडं वाळूतून वर येतात हे बघून माझी बायको थक्क झाली. साहेब म्हणाले, मुळं पसरट असणार, हवा कमी केल्यासारखी. आतले रस्ते एकेरी, वेग ३०च्या आत, आणि दोन तासांत पोटातलं पाणी हलून त्याचं ताक होतं. लेक मॅकेन्झी, म्हणजे बूरांगूरा, हे नुसत्या पावसाच्या पाण्याचं तळं. पांढरीशुभ्र सिलिकाची वाळू आणि आतलं पाणी आधी पारदर्शक, मग निळं, मग गडद निळं. तिथे आम्हाला चाळीस मिनिटं मंजूर झाली होती. एकेचाळिसाव्या मिनिटाला शिट्टी.

मेहेनो जहाजाचा सांगाडा किनाऱ्यावरच गंजत पडला आहे. १९०५ सालचं हे जहाज पहिल्या महायुद्धात तरंगतं इस्पितळ होतं. पुढे ते भंगारात जपानला विकलं गेलं आणि १९३५ मध्ये दुसरं जहाज ते ओढून नेत असताना वादळात सापडून इथे येऊन आदळलं. माणसं त्याच्यासमोर फोटो काढतात, गप्प होतात, काळाबद्दल काहीबाही बोलतात. साहेब बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "ओढायचा दोर तुटला. बघा. जोडणी चुकली असणार."

एकदाच ते वेगळे दिसले. एली क्रीकवर. हा गोड्या पाण्याचा झरा दिवसाला सुमारे ८ कोटी लिटर पाणी समुद्रात ओततो. पोरं ट्यूबवर बसून त्यातून वाहत खाली येत होती. मी आकडा सांगितला आणि साहेब कडेला पाण्यात पाय सोडून बसले. बोटं मोजत होते. "दहा हजारी टँकर धरला," ते म्हणाले, "तर रोजचे आठ हजार टँकर." त्यांच्या लहानपणी नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, आणि रात्री दोनला उठून हंडे भरायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या अर्ध्या तासात त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. शिट्टी शेवटी वहिनींनी मारली.

मुक्काम डंडुबराच्या छावणीत होता. तिथे डिंगो येऊ नयेत म्हणून कुंपण आहे. डिंगो दिसायला गावच्या कुत्र्यासारखा, पण त्याला खायला घातलं तर जबर दंड होतो. अन्न, कचरा, टूथपेस्टसुद्धा गाडीत कुलपात ठेवायची. वहिनींनी सोलापुरी पद्धतीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. तीन दिवस ना बर्फ लागला, ना गरम करावं लागलं. शेजारच्या तंबूतला ऑस्ट्रेलियन ती भाकरी कशाने फोडायची हे विचारायला आला आणि चटणीचा डबा संपवून गेला. छावणीच्या योजनेतली एवढीच एक गोष्ट साहेबांच्या यादीत नव्हती, आणि तेवढीच कामाला आली.

कारण यादीतलं काहीच कामाला येत नव्हतं. नाशिकची मुलगी गाडी अशी चालवत होती, जसं तिचा जन्म पुळणीवर झाला असावा. ओढ्यांनी कापलेल्या चरांपाशी आधीच वेग कमी, थांबली की नाक उताराकडे. साहेब आरशात बघत आणि उसासा टाकत. तिसऱ्या रात्री ते जेवले नाहीत. लोक झोपल्यावर मी बाहेर आलो, तर टॉर्चच्या उजेडात साहेब केशरी फळ्या पुसत बसले होते. त्यांच्यावर धुळीचा कण नव्हता.

"अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "एकदाही रुतलो नाही. माझी रुतत नाही, आणि माझ्याबरोबर येणाऱ्याचीही रुतत नाही. मी सगळं आधीच सांगतो ना."

एवढा हिशेबी माणूस, आणि आपल्याच हिशेबाने त्याला असं उपाशी ठेवलं होतं. मला त्यांची फार दया आली. कणव ही वाईट गोष्ट आहे, तिच्यातून कट शिजतात.

कट वहिनींनीच शिजवला. सकाळी तंबू गुंडाळताना त्या नाशिकच्या मुलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जरा रुतवतेस का गं? थोडीच." मुलीचा चेहरा पडला, सुगरणीला मीठ विसरायला सांगावं तसं ते होतं. पण तिने साहेबांचा रात्रीचा चेहरा पाहिला होता. तोवर तीन दिवसांच्या उन्हाने वरची वाळू भुसभुशीत झाली होती. युरॉन्गच्या बेकरीच्या अलीकडे तिने फोटोचं निमित्त केलं, घट्ट पट्टा सोडून गाडी वरच्या वाळूत घेतली, ब्रेक मारला, आणि मग डोळे मिटून तीनदा रेस केली. चारही चाकं बुडली.

साहेबांनी गाडी थांबवली. उतरण्याआधी त्यांनी टोपी घातली. मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. ते ओरडले नाहीत, शिकवलं नाही. हलक्या आवाजात सगळ्यांना लांब उभं केलं. चाकांपुढची वाळू फावड्याने काढली. हवा पंधरावर आणली. फळ्या चाकाखाली सरकवल्या. तेवढ्यात तिथल्या रीतीप्रमाणे जाणारी प्रत्येक गाडी थांबू लागली, "यू राइट, मेट?" एका धिप्पाड माणसाने तर स्वतःचा पट्टा काढलाच. साहेबांनी हात वर करून त्याला असं थांबवलं, जसं मुलीच्या बापाने आहेर नाकारावा. "ऑल गुड," ते म्हणाले.

फळ्यांवरून गाडी पहिल्याच झटक्यात वर आली. साहेबांच्या तोंडावर क्षणभर निराशा दिसली, कारण पट्टा राहिला होता. मग त्यांनी तिला म्हटलं, जरा मागे घे. ती मागे घेऊन परत रुतली, ह्या वेळी आपोआप, आणि पट्ट्याचंही काम झालं.

बार्जवर आम्ही सगळे फार गप्प होतो. साहेब रेलिंगला टेकून उभे होते. कोपरापर्यंत वाळू, कपाळावर वाळू. नाशिकच्या मुलीकडे न बघता ते म्हणाले, "उतारावर नाक करून थांबायचं तुला चांगलं येतंय. पहिल्या दिवसापासून बघतोय मी." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "पण रुतवलीस झकास."

खाऱ्या पाण्याने गंज धरतो, म्हणून परत आल्यावर त्यांनी गाडी खालून तीनदा धुतली. केशरी फळ्या मात्र अजून तशाच वाळूसकट गॅरेजच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत.